भिंतीवर पासवर्ड, माळ्यावर राउटर

प्रश्न: माझा डिप्लोमा झालाय. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या दोन मजल्यांवर माझ्या मामांची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची साठेक मुलं बसतात. राउटर एकच, तोही माळ्यावर. नेट सारखं अडकतं आणि भिंतीवर लिहिलेला पासवर्ड अख्ख्या गल्लीला पाठ आहे. मामा म्हणतात, 'आता तूच बघ.' मला वाय-फाय बसवायचं आणि सुरक्षित ठेवायचं काम नीट शिकून पुढे हाच धंदा करायचा आहे. कोर्स लावू का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: कोर्स लाव, पण आधी मामांचं काम हातात घे. जाड भिंतींचा वाडा, साठ मुलं आणि शेजारीपाजारी सगळ्यांचं वाय-फाय. शिकायला इतकी अवघड जागा कुठला क्लास देणार आहे?

पहिल्या दिवशी एक रुपयाही खर्च करू नकोस. अँड्रॉइड मोबाइलवर वाय-फाय अ‍ॅनलायझरचं एखादं फुकट अ‍ॅप घे आणि प्रत्येक बाकापाशी उभा राहून सिग्नलचा आकडा कागदावर मांड. आकडे उणे असतात. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ लेक्चर विनातक्रार चालतं, उणे ८० च्या खाली गेलं की मोबाइलवर कांडी दिसते पण पान उघडत नाही. दिवस मावळल्यावर हीच फेरी परत मार. मुलं बसलेली असताना आणि नसताना फरक दिसेल, कारण माणसाचं अंगही सिग्नल खातं.

त्याच अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांची गर्दी दिसेल. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. कुणीतरी शहाणा ३ वर बसलेला असतोच, तो १ आणि ६ दोन्हीकडे घोळ घालतो. ५ गिगाहर्ट्झला मोकळीक भरपूर, पण वाड्याची भिंत त्याला झेपत नाही.

मामा म्हणतील, 'जास्त ताकदीचा राउटर आणू.' नको. राउटरने कितीही मोठ्याने ओरडावं, मोबाइलचा आवाज लहानच राहतो. त्याचं उत्तर माळ्यापर्यंत पोचत नाही. दुसरं म्हणजे एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. कोपऱ्यातला अशक्त सिग्नलचा मोबाइल सावकाश बोलतो आणि त्याचं संपेपर्यंत बाकीचे थांबतात. नेट अडकायचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक मात्र केबलवाल्याला फोन करून प्लॅन वाढवतात.

तेव्हा प्रत्येक हॉलमध्ये छताला एक अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वाय-फायने वाटणारा डबा), पट्टा ५ गिगाहर्ट्झचा, आणि प्रत्येकापर्यंत वायर. होय, वायर! बिनतारी कामातले निम्मे कष्ट वायर ओढण्याचे आहेत आणि ते टाळणाऱ्याचं काम मला बघवत नाही. कॅट-६ केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच घे, म्हणजे छतापाशी प्लग काढावा लागणार नाही. स्विचपासून १०० मीटरची मर्यादा असते, वाड्यात तेवढी लागत नाही.

केबल घ्यायला तपकीर गल्लीत जाशील तेव्हा खिशात ब्लेड ठेव. स्वस्त बंडल दाखवतील. एक तार सोलून खरवड. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. पीओईची वीज वाहताना तापतं आणि वाकवलं की तुटतं. दुकानदार 'सगळे हीच नेतात' म्हणेल. नेऊ देत. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, रंगांचा क्रम पाढ्यासारखा पाठ कर: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. आठही तारा कनेक्टरच्या पुढच्या पारदर्शक टोकाला टेकलेल्या दिसल्या आणि बाहेरचं जाड आवरण आतल्या खाचेत दबलं, तरच क्रिम्परची मूठ आवळायची. मग टेस्टर लावायचाच. 'दिसतंय बरोबर' हा टेस्ट नव्हे.

आता कुलूप. जुन्या राउटरवर डब्ल्यूईपी हा वाय-फायच्या कुलपाचा जुना प्रकार दिसला तर तो अजिबात वापरू नकोस. ते २००१ मध्येच फोडलं गेलं. त्यानंतरच्या कुलपांपैकी डब्ल्यूपीए-२ आलं २००४ मध्ये, डब्ल्यूपीए-३ आलं २०१८ मध्ये. भिंतीवरच्या पासवर्डाची भानगड अशी की, डब्ल्यूपीए-२ वर ज्याला पासवर्ड माहीत आहे तो दुसऱ्याचा मोबाइल जोडला जातानाचा संवाद हवेतून पकडून त्याची वाय-फायवरची वाहतूक उलगडू शकतो. पासवर्ड माहीत नसेल तर तोच संवाद घरी नेऊन अंदाज लढवत बसतो. आपल्याकडे कितीतरी घरांचा पासवर्ड हा मोबाइल नंबर असतो; चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर तो काही तासांचा खेळ आहे. डब्ल्यूपीए-३ मध्ये हे दोन्ही जमत नाही. पण मुलांचे सगळे मोबाइल नवे नसतात, म्हणून दोन्ही चालणारा मिश्र प्रकार ठेवावा लागेल, आणि पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांबलचक. ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेटवर्क दोन कर. मामांच्या टेबलावरचा संगणक, फीचा हिशेब, आधारच्या प्रती, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर हे सगळं एकीकडे. मुलं दुसरीकडे, आणि तिथे एका मोबाइलला दुसरा दिसू नये अशी सोय चालू. मुलांना प्रत्येकी वेगळं व्हाउचर, म्हणजे ठरावीक मुदतीचा कोड, देता आलं तर फार बरं. महिना संपला की व्हाउचर संपलं. फी थकवणाऱ्यांच्या मागे लागायचं मामांचं काम परस्पर होतं, त्यामुळे या खर्चाला ते नाही म्हणणार नाहीत. राउटरच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदल, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत कर आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंद कर. त्याचा ८ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालंय, तरी बटण अजून राउटरवर असतंच.

हे हल्ले स्वतः करून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत. घरी जुना राउटर मांड, एअरक्रॅक-एनजी (वाय-फायचा पासवर्ड फोडून बघायचं सॉफ्टवेअर) आणि वायरशार्क (नेटवर्कवरची वाहतूक बघायचं सॉफ्टवेअर) शीक, स्वतःचाच पासवर्ड फोड. दुसऱ्याच्या नेटवर्कवर मात्र नाही, गंमत म्हणूनही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

कोर्सचं म्हणशील तर नेटवर्किंगचा पाया सिस्को कंपनीच्या सीसीएनए परीक्षेने होतो आणि त्यासाठी त्यांचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे संगणकावरच नेटवर्क मांडून सराव करायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. निव्वळ बिनतारीसाठी सीडब्ल्यूएनए हे प्रमाणपत्र, ते एका कंपनीच्या मालाला बांधलेलं नाही. क्लास निवडताना एकच विचार, 'क्रिम्पर माझ्या हातात देणार का?'

प्रश्न: सोसायटीतला एक मुलगा म्हणाला, 'आजी, वाय-फायचं नाव लपवा, मग कुणालाच सापडणार नाही.' खरं आहे का? शिवाय आमच्या मावशींच्या मुलीला अभ्यासासाठी पासवर्ड हवाय. द्यावा का?
– निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर: नाव लपवून काही साधत नाही, बाई. उलट तुमचा मोबाइल घराबाहेर पडला की लक्ष्मी रोडभर त्याच नावाने हाका मारत फिरतो आणि ऐकणाऱ्याला ते आयतं मिळतं. नाव दिसू द्या, फक्त त्यात आडनाव आणि फ्लॅट नंबर नको.

वाय-फाय उघडं मात्र कधीच ठेवू नका. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा दहशतवाद्यांचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेला होता. पाठवणारे तिसरेच, पण तपास आधी त्या घरात राहणाऱ्याच्या दारात येऊन थांबला.

मावशींच्या मुलीला जरूर द्या. राउटरच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, ते चालू करून त्याला वेगळा पासवर्ड लावा. तुमचा टीव्ही, प्रिंटर, संगणक तिला दिसणार नाहीत, तिचा अभ्यास होईल. सोसायटीतल्या त्या मुलालाही तोच द्या.