वंशावळीचा शोध : एकाच नावाची दोन मुले

प्रश्न : माझे पती इंग्रज असून त्यांच्या घराण्याची वंशावळ मी मुलांसाठी तयार करीत आहे. त्यांच्या एका पूर्वजाचे वय १८४१च्या जनगणनेत ४०, तर १८५१च्या जनगणनेत ५३ दिले आहे आणि जन्मस्थान म्हणून नॉरफोकमधील एक खेडे नोंदलेले आहे. त्या गावच्या चर्चच्या नोंदवहीत याच नावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे सापडले : एक मे १७९७ मधील, दुसरा ऑक्टोबर १७९९ मधील. आईवडिलांची नावे दोन्हीकडे तीच आहेत. वयाच्या हिशेबाने मी १७९७ची नोंद धरली, ते योग्य आहे का?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : ही नोंद आपण अद्याप पक्की धरू नये. दहा वर्षांत वय तेराने वाढलेले दिसते, त्याचे कारण सरळ आहे. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे, अशी प्रगणकांना सूचना होती, त्यामुळे चव्वेचाळीस वर्षांचा माणूसही चाळीसचाच लिहिला जाई. ३० मार्च १८५१च्या जनगणनेतील ५३ हे वय मे १७९७च्या बाप्तिस्म्याशी जुळते हे खरे. परंतु ते घरच्यांनी सांगितलेले वय आहे आणि अशा वयांत दोनतीन वर्षांची तफावत नेहमीच आढळते.

निर्णय लागेल तो दफनाच्या नोंदींवरून. त्या काळी तान्हे मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवण्याची रीत इंग्लंडमध्ये सर्रास होती. म्हणून मे १७९७ ते ऑक्टोबर १७९९ या काळातील दफनाचे प्रत्येक पान, केवळ सूचीवर न विसंबता, आपण स्वतः वाचावे. १८१३पासून छापील नमुन्यात मृताचे वय आणि राहण्याचे ठिकाण लिहिले जाऊ लागले. त्याआधी बरेचदा ‘अमक्याचा मुलगा’ एवढेच असते. मूळ वही फाटकी किंवा पुसट असेल, तर बिशपकडे दरवर्षी पाठवल्या जाणाऱ्या नकला तपासाव्यात. ही पद्धत १५९८पासूनची आहे. पहिल्या मुलाचे दफन सापडले, तर वय जुळत नसले तरी आपला पूर्वज १७९९चाच मानावा लागेल.

आणखी दोन शक्यता सोडू नयेत. आजारी बाळाचा घरीच घाईने बाप्तिस्मा करून पुढे त्याला चर्चमध्ये रीतसर स्वीकारले जाई आणि कधी कधी दोन्ही प्रसंगांची नोंद होई; तेव्हा नावापुढचा बारीक मजकूर जरूर वाचावा. दुसरे म्हणजे, एकाच गावात सारख्या नावांची दोन जोडपी असणे मुळीच दुर्मीळ नव्हते. नोंदीत आईचे माहेरचे आडनाव दिले असेल, तर ही शंका तिथेच फिटते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराणे पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी नोंदलेले असते. इंग्रजी पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीची, वही प्रसंगाची असते, घराण्याची नव्हे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांचा सांधा संशोधकालाच जुळवावा लागतो आणि सर्वाधिक चुका तिथेच होतात. त्यामुळे १८६१ची जनगणनाही पाहावी. या पूर्वजाचा विवाह १ जुलै १८३७ नंतर झाला असेल, तर दाखल्यावर वडिलांचे नाव व व्यवसाय मिळेल. त्याआधीच्या, १७५४पासूनच्या विवाहनोंदींत वडिलांचा उल्लेख सहसा नसतो, पण साक्षीदारांच्या सह्या असतात; त्यांत अनेकदा भाऊ-बहीण सापडतात.

हा गुंता सुटेपर्यंत काम अडवून ठेवण्याची मात्र गरज नाही. जोडपे एकच असल्याची खात्री झाली, तर मुलगा कोणताही असो, वरची पिढी तीच राहते. तेव्हा मे १७९७ पूर्वीचा त्या दोघांचा विवाह शोधायला आपण लगेच सुरुवात करावी. वधूच्या गावी लग्न लागण्याची प्रथा असल्याने शेजारच्या पॅरिशच्या वह्याही पाहाव्यात.