गाइड चालल्या, पण तू लगेच सामान बांधू नकोस

तुझ्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत न्यूरोसायन्सच्या पीएच.डी.चं तुझं तिसरं वर्ष संपत आलंय. क्वालिफायर (पीएच.डी.ची पात्रता परीक्षा) झालीय, एक पेपर रिव्ह्यूला गेलाय, दुसऱ्याचा निम्मा डेटा हातात आहे. गाइड जानेवारीपासून दुसऱ्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीत जाणार आहेत आणि "तू येते आहेसच ना?" असं त्यांनी विचारलंय. नवरा याच गावात एच-१बीवर (कामाच्या व्हिसावर) नोकरी करतो. आणि सांगलीहून बाबा म्हणताहेत, गाइड जातील तिथे जायचं, त्यात विचार कसला.

बाबांचं चुकत नाही, त्यांनी पाहिलेली पीएच.डी. वेगळी आहे. आपल्याकडे नोंदणी म्हणजे अमुक सरांकडे नोंदणी, आणि सरांची सही झाली नाही तर पुढचं पानही हलत नाही. तुला मात्र प्रवेश प्रोग्रॅमने दिला आहे आणि डिग्री युनिव्हर्सिटी देणार आहे. गाइड गेल्या तरी प्रोग्रॅममधली तुझी जागा जात नाही. हे आधी मनात पक्कं कर, कारण घाबरून दिलेला होकार नंतर मागे घेणं फार जड जातं.

मी आमच्या विभागात ग्रॅज्युएट (म्हणजे मास्टर्स-पीएच.डी.च्या) प्रोग्रॅमचं काम बघते आणि अशी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. जवळपास सगळी एकच प्रश्न घेऊन येतात: जाऊ की राहू? तिसरा रस्ता क्वचितच कोणी विचारतं, आणि तुझ्यासारख्या टप्प्यावर असलेल्या मुलीसाठी बहुतेक वेळा तोच बरा असतो. नाव आहे त्याच युनिव्हर्सिटीत ठेवायचं. विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना कागदोपत्री अॅडव्हायझर करायचं, आणि जुन्या गाइडना को-चेअर (सह-अध्यक्ष) म्हणून थीसिस तपासणाऱ्या कमिटीवर ठेवायचं. सोडून गेलेल्या प्राध्यापकांना अॅडजंक्ट किंवा अॅफिलिएट दर्जा देऊन कमिटीवर राहू देणं बऱ्याच ठिकाणी चालतं. दर आठवड्याला त्यांच्याशी व्हिडिओ कॉल, आणि एखादा प्रयोग त्यांच्याच लॅबमध्ये करावा लागणार असेल तर काही महिने तिथे व्हिजिटिंग स्टुडंट. डिग्री एकीकडची आणि शिकणं दुसरीकडे, हे काही नवं नाही. १९३०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ ओपनहायमर बर्कलेतलं सत्र संपवून दरवर्षी पॅसाडिनाला कॅलटेकमध्ये शिकवायला जायचे, आणि त्यांचे बर्कलेचे कितीतरी विद्यार्थी त्यांच्यामागून तिथे जायचे.

फक्त एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) असताना हे इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारून करायचं. पूर्ण वेळ नोंदणी जुन्या ठिकाणीच चालू राहिली पाहिजे, पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचा. पगार कोण देणार हा सगळ्यात नाजूक भाग. नव्या युनिव्हर्सिटीने तुला परस्पर पगार दिला तर ते कॅम्पसबाहेरचं काम ठरू शकतं, आणि त्यासाठी सीपीटीसारखी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची) परवानगी लागते. त्यापेक्षा गाइडच्या ग्रँटमधून (संशोधन-अनुदानातून) तुझ्या युनिव्हर्सिटीला सबअवॉर्ड, म्हणजे त्यातला एक वाटा, आला आणि आरएचा (रिसर्च असिस्टंटचा) पगार तिथूनच चालू राहिला, तर तुझं बरंचसं आहे तसं राहतं. गाइडना हे सुचवायला लाजू नकोस. त्यांच्यासाठी हा नेहमीचा कागद आहे.

आता ग्रँटबद्दल, कारण "माझी आर-०१ माझ्याबरोबर येतेय" हे वाक्य (आर-०१ म्हणजे एनआयएचचं संशोधन-अनुदान) ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. एनआयएच किंवा एनएसएफ (आरोग्य आणि विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणा) पैसे देते ते संस्थेला, प्राध्यापकांना नव्हे. एनआयएचच्या ग्रँटसाठी जुन्या संस्थेने हक्क सोडल्याचं पत्र द्यावं लागतं, नव्या संस्थेने नव्याने अर्ज करावा लागतो, आणि मग एनआयएच मंजुरी देते. बहुतेक वेळा हे सुरळीत होतं, पण मधल्या काळात खर्चाला पैसे नसतात असंही होतं. तोवर तुझा पगार कशातून निघणार हे विचार. स्टार्टअप पॅकेजमधून (लॅब उभारायला नवी युनिव्हर्सिटी देते त्या पैशांतून), असं उत्तर आलं तर चांगलंच आहे, पण किती महिने, ते लिहून घे. तुझ्या लॅबमधल्या अमेरिकन मुलाकडे एनएसएफची ग्रॅज्युएट फेलोशिप असेल तर ती परवानगी घेऊन त्याच्याबरोबर हलू शकते. त्याचा "चल गं, काही होत नाही" हा सल्ला त्याच्यापुरता खरा आहे. ती फेलोशिप आपल्याला मिळत नाही, आपण आरए-टीएवर (रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटच्या पगारावर) जगतो.

लॅब हलणं म्हणजे नक्की काय, हे मी जरा सविस्तर सांगते, कारण मी ते केलं आहे. माझ्या गाइड गेल्या तेव्हा मी दुसऱ्या वर्षात होते, क्वालिफायर व्हायची होती, आणि जुन्या विभागात माझ्या विषयाचं दुसरं कोणी नव्हतं. मी गेले, आणि त्या टप्प्यावर तेच बरोबर होतं. पण पहिल्या वर्षात माझ्या हातून संशोधन असं फारसं झालं नाही. ग्रँटवर घेतलेली उपकरणं साधारणपणे संस्थेच्या मालकीची असतात. कोणतं मायक्रोस्कोप येणार आणि कोणतं राहणार यावर दोन युनिव्हर्सिट्यांची बोलणी चालतात. उंदरांची तर वेगळीच कथा. नव्या ठिकाणच्या प्राणी-समितीकडून प्रोटोकॉल (प्रयोगांचा आराखडा) नव्याने मंजूर व्हावा लागतो, त्याशिवाय एकाही उंदराला हात लावता येत नाही. उंदीर आले तरी आधी क्वारंटाइन. त्यांच्या जुन्या घरात एखादा नको तो जंतू सापडला तर भ्रूण काढून ती जातच नव्याने वाढवावी लागते. मग ब्रीडिंग, मग वय होईपर्यंत वाट पाहणं. विषाणू-वेक्टर, प्लास्मिड (पेशींत जनुकं पोचवायची साधनं), दुसऱ्या लॅबने दिलेल्या उंदरांच्या जाती यांचे मटेरियल ट्रान्सफरचे करार वेगळे. आणि या सगळ्यात लॅबमधली सीनियर तू. ऑर्डर तू देणार, फ्रीझर कुठे ठेवायचा ते तू ठरवणार, नव्या मुलांना परफ्यूजन (ऊती टिकवण्यासाठी रक्ताच्या जागी द्राव सोडणं) तू शिकवणार. गाइड त्या वर्षी नवा कोर्स, मीटिंगा आणि माणसं निवडण्यात बुडालेल्या असतात. पुढे स्वतःची लॅब काढायची असेल तर या वर्षाइतकं शिकवणारं दुसरं काही नाही, मला त्याचा आजही उपयोग होतो. इंडस्ट्रीत जायचं असेल आणि दीड वर्षात बाहेर पडायचं असेल, तर ते वर्ष तुझ्या हिशेबातून वजा होणार.

म्हणून एका संध्याकाळी थीसिसचे उरलेले प्रयोग कागदावर मांड आणि प्रत्येकासमोर लिही: याला काय लागतं? गाइडचा मेंदू लागतो की त्यांची खोली? विश्लेषण, लेखन, रिव्ह्यूअरला उत्तरं, हे सगळं व्हिडिओ कॉलवर होतं. तुझ्या दुसऱ्या पेपरचा उरलेला डेटा ज्या उंदरांतून यायचा आहे ते जानेवारीपूर्वी वापरून होतील का? नाही झाले, तर काही पिंजरे विभागातल्या दुसऱ्या लॅबच्या प्रोटोकॉलवर घेता येतील का? तू दिलेल्या माहितीवरून मला वाटतं की येतील, आणि तसं झालं तर मी तुझ्या जागी राहीन. तू पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतीस, किंवा विभागात तुझी कमिटी चालवू शकेल असं कोणीच नसतं, तर मी जा म्हणाले असते. आणि गाइडशी आधीपासूनच पटत नसेल (तू तसं काही लिहिलेलं नाहीस), तर त्या जाताहेत हीच सुटका समजून नवीन लॅब बघ.

त्या का जाताहेत, तेही शांतपणे विचार. मोठी जागा मिळाली, जोडीदाराची नोकरी तिथे आहे, ही कारणं चांगली. टेन्यूअर (प्राध्यापकाची कायम नोकरी) नाकारलं गेलं असेल तर साधारणपणे आणखी एक वर्ष मिळतं. तशा वेळी त्या जानेवारीतच का निघताहेत आणि नव्या ठिकाणी टेन्यूअर मिळून जाताहेत की टेन्यूअरपर्यंतच्या वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतंय, हे तुला माहीत असायला हवं. घड्याळ सुरू असलेल्या गाइडना पेपरची घाई असते, आणि त्या घाईत तुझा थीसिस मागे पडू शकतो.

तरीही जायचं ठरवलंस तर गाइडचा शब्द म्हणजे प्रवेश नव्हे, हे लक्षात ठेव. अर्ज करावा लागेल, आणि ऑफर लेटर तिथल्या ग्रॅज्युएट स्कूलकडून यायला हवं. त्यात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: किती क्रेडिट्स धरणार, क्वालिफायर पुन्हा द्यावी लागणार का, किती वर्षांची फंडिंगची हमी आहे, आणि पगार ९ महिन्यांचा की १२. जुन्या जागी मास्टर्सच्या अटी पूर्ण होत असतील तर निघण्यापूर्वी ती डिग्री घेता येईल का ते विचार. पुष्कळ मुलं ती तशीच सोडून जातात आणि मला दरवेळी वाईट वाटतं. स्टायपेंडची तुलना भाडं वजा करून कर, आणि हेल्थ इन्शुरन्समध्ये मध्ये खंड पडतोय का ते बघ.

नवऱ्याच्या बाबतीत: कंपनीने त्याला दुसऱ्या शहरातून काम करू दिलं तरी जागा बदलली की एच-१बीचा सुधारित अर्ज कंपनीला करावा लागतो. नवी नोकरी शोधली तर नव्या कंपनीला. त्यामुळे त्याच्या कंपनीच्या वकिलाशी बोलणं तुझ्या उत्तराच्या आधी व्हायला हवं. दोन गावांत दोन भाडी हा पर्याय धरत असाल तर तेही उघडपणे बोला, गृहीत धरू नका.

गाइडशी बोलताना संकोच वाटेल. त्यांनी तुला पहिला पेपर लिहायला शिकवला, आईच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर घरी जाऊ दिलं, हे तू लिहिलं आहेस आणि ते मोठं आहे. तरी होकार उपकारापोटी देऊ नकोस. सरळ सांग: तुमच्याबरोबर काम चालू ठेवायचं आहे, कुठे राहून ते नीट होईल याचा विचार करतेय, ३ आठवडे द्या, आणि मी इथे राहिले तर तुम्ही को-चेअर राहाल का? चांगल्या गाइडना हा प्रश्न आवडतो. त्या रागावल्या, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. त्याच आठवड्यात तुझ्या प्रोग्रॅम डायरेक्टरांना भेट, म्हणजे इथे टीएशिप किती सेमिस्टर मिळेल ते कळेल.

सेव्हिसबद्दल (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीबद्दल) शेवटचं. ट्रान्सफरची रिलीज डेट तू आणि डीएसओ (ही नोंद सांभाळणारे युनिव्हर्सिटीचे अधिकारी) मिळून ठरवता. त्या तारखेपर्यंत ट्रान्सफर रद्द करता येते. ती उलटली की रेकॉर्ड नव्या युनिव्हर्सिटीकडे जातं आणि जुन्या लॅबमध्ये पगारी काम थांबतं. नव्या ठिकाणचे वर्ग रिलीज डेटपासून ५ महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. व्हिसाच्या शिक्क्यावर जुन्या युनिव्हर्सिटीचं नाव असलं तरी मुदत संपेपर्यंत तो चालतो, नवा आय-२० (युनिव्हर्सिटी देते तो विद्यार्थी असल्याचा दाखला) मात्र लागतो. तेव्हा ऑफर लेटर हातात आल्याशिवाय डीएसओला तारीख देऊ नकोस, आणि ती शेवटच्या पगाराच्या दिवसानंतरचीच दे.