हप्त्यावर मोठ्या सेन्सरचा ड्रोन घ्यावा का?

प्रश्न : नाशिकमध्ये लग्नं आणि दिंडोरीकडच्या वायनरी-रिसॉर्टसाठी ड्रोन शूटिंग करतो. सध्या डीजेआय मिनी २ वापरतो. एक जण वापरलेला, मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणारी चिप) डीजेआय एअर २एस १,२०,००० रुपयांना देतोय, १०,००० टोकन मागतोय. १४ टक्क्यांनी २४ महिन्यांचं कर्ज मिळेल. वर्षाला ३० लग्नं होतात, त्यातली १२ संध्याकाळची, आणि रिसॉर्टची ६ कामं. लग्नामागे १,५०० आणि रिसॉर्टमागे ५,००० जास्त मागता येतील. पायलटसकट असा ड्रोन दिवसाला ६,००० भाड्याने मिळतो. घेऊ का?

उत्तर : कर्ज काढून आत्ता घेऊ नका. तुमचा हिशेब जमेल की नाही, हे व्हिडिओतला फरक गिऱ्हाइकाला दिसतो का यावर ठरणार आहे, आणि ते तुम्ही अजून तपासलेलं नाही.

आधी आकडे. हप्ता साधारण ५,७६२ रुपये बसेल, म्हणजे वर्षाला ६९,१४४. दोन वर्षांत नुसतं व्याज १८,००० च्या वर जातं. तुमच्या अंदाजाने जास्तीचे ३० लग्नांचे ४५,००० आणि रिसॉर्टचे ३०,००० मिळून ७५,००० येतील. हाती उरतात जेमतेम ५,८५६, आणि त्यातूनच बॅटरी, पंखे, विमा भागवायचा. रिसॉर्टचे ३०,००० पक्के धरले तरी हप्ता भरायला ३० पैकी २७ लग्नांनी जास्तीचे पैसे द्यायला हवेत. पावसाळ्यात उड्डाण होत नाही, चातुर्मासात मुहूर्त नसतात, हप्ता मात्र बारा महिने चालू राहतो.

आता २७ लग्नांना फरक दिसेल का? विक्रेत्याला एका संध्याकाळी दोन्ही ड्रोन शेजारी-शेजारी उडवायला सांगा. दोन्हीकडे ४के, २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ५६०० वर लॉक आणि साधं कलर प्रोफाइल ठेवा. ऑटोवर ठेवलंत तर सेन्सरची नाही, ऑटोची तुलना होईल. दोघांचं अॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ/२.८ आणि तेही स्थिर, त्यामुळे कडक उन्हात १/५० साठी दोघांनाही एनडी६४ फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळी काच) लागतो. तो नसेल तर शटर १/३२०० च्या आसपास जातं आणि हालचाल झटके देत दिसते. पुष्कळ जण त्या झटक्यांना कॅमेऱ्याची क्वालिटी समजतात. तुमच्या मिनीवर फिल्टर नसेल तर आधी तो घ्या. काही हजारांची वस्तू आहे.

पहिला शॉट भर पानांच्या द्राक्षबागेवर घ्या. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेली उघड्या पडतात, तेव्हा ही चाचणी निरुपयोगी. दहा मीटर उंचीवरून ओळींना आडवे जा आणि चालू व्हिडिओत एका पानावर थांबवा. हजारो पानं एकदम सरकतात तेव्हा डेटा कमी पडतो आणि पानांच्या कडा पुसल्यासारख्या होतात. मिनी २ जास्तीत जास्त १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लिहितो, एअर २एस १५०. दुसरा शॉट दिवे लागल्यावर मांडवाचा; तेव्हा आयएसओ दोन्हीकडे सारखाच वाढवा. नवरदेवाच्या काळ्या कोटात रंगीत दाणे नाचतायत का ते बघा. मिनीच्या सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर, एअर २एसच्या एक इंची सेन्सरचं ११६, म्हणजे चौपट. फरक दिसला तर इथेच दिसेल. तिसरा शॉट मावळतीच्या आकाशाचा, एअर २एसवर १०-बिट डी-लॉगमध्येही (नंतर रंग सुधारण्यासाठीचं फिकट प्रोफाइल) घ्या. ८-बिटमध्ये एका रंगाच्या २५६ छटा, १०-बिटमध्ये १०२४. ग्रेडिंग करताना, म्हणजे रंग सुधारताना, आकाशात पट्टे पडतात ते कमी छटांमुळेच, आणि रिसॉर्टवाले नेमकं तेच आकाश मागतात.

फाइल मेमरी कार्डावरूनच घ्या. फोनच्या अॅपमधली प्रत हलकी असते. मग तुम्ही घरच्यांना जशी १०८०पी देता तशी एक्सपोर्ट करा आणि कोणती कुठल्या ड्रोनची ते न सांगता चार गिऱ्हाइकांना दाखवा. दिवसाच्या लग्नात त्यांना फरक सांगता येणार नाही, असा माझा अंदाज आहे. मग जास्तीचे पैसे १२ लग्नांचे १८,००० आणि रिसॉर्टचे ३०,०००, म्हणजे ४८,००० च. वर्षाला २१,००० ची तूट. चाचणीने माझा अंदाज खोटा ठरवला तर १२ च्या जागी तुमचा आकडा घालून हिशेब पुन्हा मांडा.

दुसरी गोष्ट पैशांइतकीच जड आहे. मिनी २ हा २४९ ग्रॅमचा, म्हणजे ड्रोन नियम २०२१ नुसार नॅनो वर्गातला. एअर २एस ५९५ ग्रॅमचा, म्हणून मायक्रो. मायक्रो धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा लागतो. प्रशिक्षणाचं शुल्क १,२०,००० मध्ये मिळवूनच किंमत धरा. परदेशी तयार ड्रोनची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे अपघात झाला तर तसाच दुसरा नवा आणणं सोपं नाही. ओझर विमानतळ, देवळालीचा लष्करी भाग आणि नाशिकरोडच्या नोटप्रेसजवळ काम असेल तर दर वेळी आधी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा झोनचा नकाशा पाहावा लागेल, वजन काहीही असो.

टॅक्स वाचेल असं कुणी सांगितलं असेल तर विवरणपत्र कसं भरता ते बघा. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून कर) असाल तर ड्रोनचा घसारा किंवा कर्जाचं व्याज वेगळं वजा होत नाही.

तूर्तास रिसॉर्टच्या ६ कामांना पायलटसकट ड्रोन भाड्याने घ्या. ३६,००० जातील, जास्तीचे ३०,००० येतील. फक्त ६,००० पदरचे घालून त्या कामांना खरोखर किती मागणी आहे ते कळेल. हप्त्याचे ५,७६२ भरणार होतात, त्यातले जमेल तेवढे कामाच्या महिन्यांत रिकरिंगमध्ये टाका. टोकन मात्र आत्ता देऊ नका. विक्रेत्याकडे ड्रोनचा यूआयएन नोंदणी क्रमांक आहे का आणि तो तुमच्या नावावर होतो का, हे कागदावर बघा. तो नसेल तर चाचणी कितीही चांगली निघो, हा ड्रोन सोडा.