कॉमिकवरून मालिका : करार नंतर, बायबल आधी?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. स्वतः छापलेलं पाच अंकांचं फँटसी कॉमिक, मुंबईतल्या एका निर्मिती कंपनीला ते आवडलंय, आणि तुमचे प्रश्न तीन : किती भागांत बसेल, राक्षस पडद्यावर स्वस्तातले दिसतील का, पटकथा स्वतः लिहावी का. तिन्ही रास्त आहेत, खाली थोडक्यात उत्तरं देतो. पण मी एरवी इथे वाचून गप्प निघून जाणाऱ्यांतला. आज लिहायला बसलो ते तुम्ही जाता जाता टाकलेल्या एका ओळीमुळे : 'कागदपत्रं नंतर करू म्हणाले, आधी बायबल पाठवा.' (बायबल म्हणजे मालिकेतली पात्रं, जग आणि कथा मांडणारा लेखी आराखडा.) ही ओळ मी ऐकलेली आहे, जवळजवळ याच शब्दांत.

आधीच सांगतो, मी वकील नाही. जाहिरातींचं लिहून पोट भरतो आणि उरलेल्या वेळात कॉमिक लिहितो. तेव्हा खालचं सगळं ऐकून घ्या, पण सही करायच्या आधी खऱ्या वकिलाला दाखवा. ऑप्शन (ठरावीक मुदतीत हक्क घेण्याची मुभा) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

नव्या कॉमिकवाल्याला भीती असते की कंपनी आपल्या कथेची वाट लावेल. माझ्या मते ही भीती चुकीच्या जागी आहे. वाट लावायलासुद्धा आधी मालिका बनावी लागते. जास्त वेळा काय होतं, तर ती बनत नाही, आणि तुमची कथा मात्र अडकून पडते.

जादूच्या किल्ल्यांच्या 'लॉक अँड की' या कॉमिकचं उदाहरण बघा. लेखक जो हिल, चित्रकार गॅब्रिएल रॉड्रिगेझ, पहिला अंक २००८चा. फॉक्स या अमेरिकन वाहिनीसाठी पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, तयार झाला, २०११ मध्ये सॅन डिएगो कॉमिक-कॉनला लोकांना दाखवलासुद्धा, पण फॉक्सने मालिका घेतली नाही. मग तीन सिनेमांची घोषणा झाली, तीही विरली. हुलू या स्ट्रीमिंग कंपनीने २०१७ मध्ये दुसरा पायलट करायला घेतला आणि २०१८ मध्ये नको म्हटलं. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने हात पुढे केला आणि फेब्रुवारी २०२०ला पहिला सीझन आला. बारा वर्षं! लोक ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. प्रत्येक नकारानंतर हक्क पुढच्या माणसाकडे जायला मोकळे होत गेले. ते आपोआप होत नाही, तशी सोय कागदावर आधीच असावी लागते.

आमच्याकडे ती नव्हती. कॉमिकचं नाव सांगत नाही, साती आसरा, म्हणजे पाण्याजवळच्या सात देवी, आणि एका जुन्या बारवेची कथा होती एवढं पुरे. कंपनीने ऑप्शन घेतलं, रक्कम नाममात्र, मुदत दीड वर्षाची. माणसं वाईट नव्हती हे मुद्दाम लिहितो. क्रिएटिव्हमधल्या ज्या मुलीने आम्हाला शोधलं तिने अंक खरोखर वाचले होते, आसरा म्हणजे कोण हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. मग तिने नोकरी बदलली. तिच्या जागी आलेल्याला सगळं 'पौराणिक' हवं होतं. त्याच्यानंतरच्याला थ्रिलर हवा होता, बारव चालेल पण देवी नको. दर वेळी बायबल नव्याने लिहायचं, फुकट. मुदत संपली, कोणी वाढवली नाही. इथपर्यंत या धंद्यातलं रोजचंच.

पुढे दुसऱ्या एका कंपनीला कथा आवडली. त्यांच्या वकिलाने एकच गोष्ट मागितली : आधीच्या कंपनीचं पत्र, की या कथेवर आता आमचा हक्क उरलेला नाही. मुदत संपलेला करार समोर होता, तरी पत्र हवंच. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मालिका घेणारा प्लॅटफॉर्म हक्कांची साखळी सलग आहे ना हे तपासतो, एक कडी जरी संशयास्पद वाटली तरी पुढे सरकत नाही.

आणि मग गाठ पडली ती आधीच्या कंपनीतल्या लीगल नावाच्या खात्याशी. मेल पाठवला की 'नोटेड'. फोन केला की फाइल क्रिएटिव्हकडे आहे. क्रिएटिव्हवाले म्हणणार, ती बिझनेस अफेअर्सकडे, म्हणजे करारांचे व्यवहार बघणाऱ्यांकडे गेली. बिझनेस अफेअर्सने सांगितलं, आमच्या शीटमध्ये तुमचा प्रोजेक्ट ॲक्टिव्ह दिसतोय. कुठली शीट? ती इंटर्नल आहे. मुदत संपलेला प्रोजेक्ट ॲक्टिव्ह कसा? ते लीगल सांगेल. एका गृहस्थांनी तर अगदी अदबीने विचारलं, 'सर, पत्राची एवढी घाई का आहे?' घाई याची होती की समोरचा माणूस कंटाळून दुसरी कथा घेणार होता. पण हे बोलायची सोय नव्हती, कारण दुसरी कंपनी मागे आहे हे कळलं तर पत्राची किंमत वाढणार.

शेवटी उत्तर आलं, ते साध्या नकारापेक्षा वाईट. कॉमिकवर आमचा दावा नाही, मात्र 'विकसित साहित्य' दोन्ही पक्षांनी मिळून तयार केलेलं आहे. विकसित साहित्य म्हणजे माझं बायबल. त्यात त्यांचं काय? तर मेलवर पाठवलेल्या नोट्स. नायिकेचं वय वाढवू या, ही एक नोट. शेवटी ट्विस्ट हवा, ही दुसरी. बायबल कोणाचं यावर करारात चकार शब्द नव्हता, आणि त्या मोकळ्या जागेत त्यांनी खुर्ची टाकली. कोर्टात कदाचित जिंकलो असतो. वकिलाने खर्चाचा अंदाज सांगितला, आम्ही त्यांचा चहा प्यायलो आणि परत आलो. दुसऱ्या कंपनीने काढता पाय घेतला. त्या खात्यात कोणी दुष्ट नव्हतं, हेच जास्त डोकं फिरवतं. पत्र दिल्याने कोणाचा फायदा नव्हता, न दिल्याने कोणाची नोकरी जाणार नव्हती, म्हणून ते दिलं गेलं नाही. असो. फार वाहवत गेलो.

तुम्हाला सांगायचंय ते हे. किती भाग, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच येऊन मिळतं. 'सँडमॅन' या कॉमिकवरून केलेल्या मालिकेच्या पहिल्या सीझनच्या दहा भागांत जवळपास पहिल्या सोळा अंकांचा ऐवज आहे. सहाव्या भागात तर आठवा आणि तेरावा असे दोन वेगळे अंक जोडलेत. कॉमिकचा वाचक दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत स्वतःच अर्धी गोष्ट घडवतो, तरीसुद्धा पडदा अंकांचा इतका फडशा पाडतो. त्या हिशेबाने तुमचे पाच अंक तीन-चार भागांत संपतील. कंपनीला हवेत आठ, शिवाय दुसऱ्या सीझनचं आमिष. म्हणजे तुमच्या बायबलमधला निम्म्याहून जास्त मजकूर कॉमिकमध्ये नसलेला, नवा असणार. छापील अंकांवर तुमचं नाव आणि तारीख आहे. या नव्या मजकुराला मात्र तुमच्या 'सेंट' फोल्डरशिवाय साक्षीदार नाही. आणि तोच तुम्ही करार नसताना पाठवायला निघालात.

तेव्हा करार आधी. बायबलचे पैसे वेगळे, थोडे का असेनात. त्यांनी तोंडी किंवा लेखी कितीही नोट्स दिल्या तरी बायबल तुमचंच, हे स्पष्ट लिहून घ्या. मुदत संपली की सगळं आपोआप परत, आणि पंधरा दिवसांत सोडपत्र दिलं नाही तर करारातलं हेच कलम सोडपत्र मानलं जाईल. ही शेवटची युक्ती एका वकील मैत्रिणीने नंतर सुचवली, तिच्यासाठी मी तिला जन्मभर जेवण घालायला तयार आहे. दुसऱ्या कोणी मालिका केली तर आमचा डेव्हलपमेंटचा खर्च परत द्या, असंही कंपन्या लिहितात. ते अगदीच गैर नाही, पण आकड्याला कमाल मर्यादा घाला, नाहीतर त्यांच्या ऑफिसचं भाडंही तुमच्या राक्षसांच्या नावावर लागेल.

कायदा वाचून ठेवा, कंटाळवाणा वाटला तरी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यातलं चौथं उपकलम आपल्या कामाचं : घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते हस्तांतरण संपतं, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणूनच कंपन्यांच्या मसुद्यात कुठेतरी मागच्या पानांवर एक रूक्ष ओळ असते, की कलम १९(४) इथे लागू नाही. ती ओळ शोधा. खोडायला ते तयार होणार नाहीत बहुधा, पण मग त्या बदल्यात पक्की तारीख मागा. (नुसतं ऑप्शन हे हस्तांतरण नव्हे, पुढे हस्तांतरण करून घेण्याची मुभा आहे. त्यामुळे हे कलम तुमच्या कागदाला कसं लागेल ते वकिलालाच विचारा.)

कोणीतरी तुम्हाला याच कायद्याचं कलम ५७ सांगेलच, लेखकाच्या नैतिक हक्कांचं. मन्नू भंडारींनी 'आपका बंटी'वरून केलेल्या सिनेमाविरुद्ध दाद मागितली होती. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हक्क विकल्यानंतरही लेखकाचा विपर्यासाविरुद्धचा अधिकार मान्य केला. वाचून छाती फुगते. पण ते बनलेल्या कलाकृतीबद्दल आहे, न बनवता दाबून ठेवण्यावर त्या कलमाचा उपयोग नाही.

बायबल पाठवण्यापूर्वी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून तारीख पाडून घ्या. कॉपीराइट ऑफिसची नोंदणीही करा. ती सक्तीची नाही, हक्क त्याशिवायही असतो, पण भांडण झालं तर पुरावा म्हणून बरी. अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं, तेव्हा आजच सुरू करा. आणि नुसत्या कल्पनेला संरक्षण नसतं, मांडणीला असतं. म्हणून बायबलमध्ये 'एक शापित गाव' असं मोघम लिहू नका, पात्रं, प्रसंग, जादूचे नियम सविस्तर लिहा.

आता राक्षस. स्वस्तातले दिसतील का? दिसतील, जर कॉमिकमधलं चित्र जसंच्या तसं उचललं तर. परत 'लॉक अँड की'च. कॉमिकमध्ये डोक्याची किल्ली लावली की कवटीचं झाकण उघडतं आणि आतल्या आठवणी चिमुकल्या आकृत्या होऊन दिसतात. रॉड्रिगेझच्या रेषेत ते अफाट आहे, जिवंत नटाच्या डोक्यावर ते बहुधा हास्यास्पद दिसलं असतं. मालिकेत किल्ली मानेमागे जाते, समोर एक दार येतं आणि माणूस स्वतःच्याच मनात चालत शिरतो. त्यातल्या किन्सी या मुलीचं मन म्हणजे चक्क एक झगमगीत मॉल. अर्थ तोच राहिला आणि नटांना खऱ्या सेटवर वावरता आलं. माझ्या मते कॉमिकवाल्याने बघून शिकावं असं रूपांतर हेच, बाकी त्या मालिकेबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. 'स्वीट टूथ' या कॉमिकवरच्या मालिकेतही हरणाच्या कानांच्या मुलाचे कान रिमोटवर हलणारे खरेखुरे यंत्र होते, म्हणून ते मूल रडलं की कानही पडतात आणि आपल्याला खरं वाटतं. तुमचा दहा हातांचा राक्षस पूर्ण दाखवायचा की त्याचा एकच हात विहिरीच्या काठावर, हे बायबलमध्ये तुम्हीच लिहा. दुसऱ्या कोणी ठरवलं तर तो व्हीएफएक्सच्या बजेटप्रमाणे ठरवेल.

पटकथा? एक भाग लिहायला मागा, पैसे घेऊन, आणि बाकी रायटर्स रूमवर, म्हणजे मालिकेच्या लेखकांच्या गटावर सोडा. हुलूसाठीचा पायलट खुद्द जो हिलने लिहिला होता, तरी तो नाकारला गेलाच. मूळ लेखक असल्याने टीव्हीचं लिहिता येतं असं नाही, मला तर अजिबात येत नव्हतं. मात्र रूममध्ये सल्लागार म्हणून बसायचा हक्क मागा. तो मिळतो, कारण त्यांना तो स्वस्त पडतो.

आणखी एक, आणि हे आजच्या आज करण्यासारखं. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये चित्रकाराचा उल्लेख फक्त 'चित्रं मित्राने काढलीयत' एवढाच आहे. चित्रांचा कर्ता तो आहे, तुम्ही नाही. त्याने लेखी काही दिलं नसेल तर त्या राक्षसांचं रूप कंपनीला द्यायचा अधिकार तुमच्या एकट्याकडे नाही, आणि त्यांचं लीगल हे पहिल्या आठवड्यात विचारेल. (विचारायला त्यांना बरोबर वेळ मिळतो.) रंग आणि अक्षरलेखन दुसऱ्यांनी केलं असेल तर त्यांचेही कागद लागतील. मित्राला फोन करा, ऑप्शनच्या पैशांतला आणि पुढच्या रकमेतला त्याचा हिस्सा ठरवा, श्रेयनामावलीत नाव कसं येईल ते ठरवा, आणि दोघांच्या सह्या करा. कंपनीची रक्कम कळल्यावर हेच बोलणं दसपट अवघड होतं. मसुदा आला की नावं खोडून इथे टाका, मागची पानंसुद्धा, मी बघतो.