टॉवरमधला एकटा मुलगा आणि खालची गँग: 20 मिनिटांच्या विनोदी फिल्मसाठी

तुम्ही संहिता पाठवून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. परळच्या टॉवरमधला दहा वर्षांचा श्रीमंत मुलगा विवान, घरी सगळं काही, मित्र मात्र एकही नाही. 20 मिनिटांची विनोदी फिल्म करायची आहे, कलाकार म्हणून सोसायटीतली आणि भिंतीपलीकडच्या जुन्या भाडेकरूंच्या इमारतीतली मुलं, शूटिंग मे महिन्यात. अडचणी तीन: लिहिता लिहिता संहिता रडकी होतेय, 'रिची रिच' या हॉलिवूडपटातल्यासारखा महाल दाखवायला पैसे नाहीत, आणि मुलांकडून काम कसं करून घ्यायचं ते कळत नाही.

महालाचा नाद आधी सोडा. 1994 च्या त्या चित्रपटातलं घर म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातलं बिल्टमोर, खरोखरचं 250 खोल्यांचं. त्याच्याशी बरोबरी करायला गेलात तर तुमची फिल्म भाड्याच्या झुंबरातच संपेल. शिवाय मुंबईत श्रीमंती खोल्या मोजून कळत नाही, शांततेवरून कळते. बाविसाव्या मजल्यावरची जाड काच बंद आहे, एसीची बारीक घरघर, बाकी काही नाही. पोरगं काच दोन बोटं सरकवतं आणि खालून एकदम 'ए बॉल दे ना काका', कुकरची शिट्टी, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोची टुणटुण. काच बंद, पुन्हा घरघर. एवढ्यात त्याचं सगळं घर दाखवून होतं. खर्च शून्य, फक्त आवाज वेगळा रेकॉर्ड करायला हवा. दुसरा शॉट पोडियमवरचा, म्हणजे टॉवरच्या पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीवरचा: कापलेली हिरवळ, कोरी घसरगुंडी, शेजारी 'बॉल खेळण्यास मनाई' अशी पाटी, आणि एकही मूल नाही. बास.

त्या चित्रपटातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथे श्रीमंत पोराला बेसबॉल शिकवायला घरी साक्षात रेगी जॅक्सन हा नामांकित बेसबॉलपटू येतो. तेच इथे आणा. तुमच्या विवानला खासगी कोच आहे, पोडियमवर नेट आहे, बोलिंग मशीन आहे. कव्हर ड्राइव्ह पुस्तकात छापावा तसा. तो खाली गल्लीत येतो, पहिल्याच बॉलवर सुरेख कव्हर ड्राइव्ह मारतो, आणि सगळे ओरडतात, 'आऊट!' कारण ऑफ साइडला चव्हाणकाकूंची खिडकी आहे. डायरेक्ट लागला की आऊट.

फिल्म रडकी का होतेय याचं उत्तर इथेच आहे. तुम्ही लिहिलंय, 'त्याला प्रेम मिळत नाही.' प्रेम मिळत नाही यावर विनोद होत नाही. नियम माहीत नाहीत यावर होतो. गल्ली क्रिकेटचं संविधान कुठे लिहिलेलं नसतं आणि ते प्रत्येक गल्लीत वेगळं असतं. एक टप्पा एक हात आऊट. भिंतीवरून गेला तर आऊट, आणि ज्याने मारला त्यानेच आणायचा. ट्राय बॉल एकच. शेवटच्याला एकट्याने बॅटिंग करता येते की नाही यावर रोज भांडण. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. आणि सगळ्यात महत्त्वाचा, कच्चा लिंबू: लहान किंवा ज्याला खेळता येत नाही अशा पोराला खेळू द्यायचं, पण त्याचं आऊट होणं धरायचं नाही. तुमच्या गल्लीतले खरे नियम मुलांकडून लिहून घ्या, पण एकेकाला वेगळं विचारा. उत्तरं जुळणार नाहीत. न जुळणारी उत्तरं म्हणजे तुमचे तयार संवाद.

आता या नियमांवरच गोष्टीचा जिना बांधा.

पहिली पायरी: त्या पहिल्या आऊटनंतर गँग त्याला कच्चा लिंबू करते. तो खूश, कारण काही केलं तरी आऊट होत नाही. घरीही त्याला कोणी आऊट देत नाही; कोच म्हणतो 'वेल प्लेड', ड्रायव्हर काका मुद्दाम कॅच सोडतात. आपल्याला मोजतच नाहीयेत, हे त्याला कळायला तीन-चार मिनिटं लागू द्या. प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे.

दुसरी पायरी पैशाची. त्याला समजतं की बॅटवाल्याला मान असतो. तो दुसऱ्या दिवशी सात जणांसाठी सात नव्या बॅट घेऊन येतो. इथे बहुतेक लेखक 'पैशाने मैत्री विकत मिळत नाही' असा संवाद आजीच्या तोंडी घालतात. नका घालू. नियमच काम करतील. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आणि आता बॅट सगळ्यांकडे. सात बॅट्समन क्रीजवर उभे, बोलिंगला कोणी नाही, फील्डिंगला कोणी नाही, आणि बॉल एकच, तोही गटाराच्या जाळीपाशी पडलेला. खेळ बंद. मधला हा प्रसंग फिल्मचा कणा आहे. तो एकाच लांब, स्थिर वाइड शॉटमध्ये घ्या; कट मारलेत की हसू विखुरतं. कॅमेरा समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत.

तिसरी पायरी उपयोगाची. बॉल भिंतीपलीकडे टॉवरच्या आवारात गेला की तो आजवर मेला म्हणून सोडून दिला जायचा, कारण वॉचमन आत सोडत नाही. विवान आत जाऊ शकतो. गँगला तो लगेच हवासा होतो, पण बॉल आणण्यापुरता. ही पायरी तुमच्या संहितेत नाही आणि ती नसल्यामुळे शेवटची मैत्री आकाशातून पडल्यासारखी वाटते.

गँग विवानच्या घरी यायला निघते तो गेटचा प्रसंग तुम्ही दोन ओळींत उरकलाय, त्याला अडीच मिनिटं द्या. टॉवरच्या गेटवर आता रजिस्टर नसतं, ॲप असतं. पाहुणा आला की वॉचमन फोनवर प्रकार निवडतो: पाहुणा, डिलिव्हरी, कॅब, कामवाली. वर घरी नोटिफिकेशन जातं, कोणीतरी 'ॲप्रूव्ह' दाबावं लागतं. विवानची आई मीटिंगमध्ये, पाहुण्यांना परवानगी मिळत नाही. डिलिव्हरीला मात्र घरातल्या कामवाल्या ताई न बघता ओके दाबतात. म्हणून सहा पोरं एकेक करून डिलिव्हरी म्हणून वर जातात. पहिल्याच्या हातात पिशवी, दुसऱ्याच्या हातात नुसता पुठ्ठ्याचा खोका, तिसरी पोरगी तिच्या आजीचा रिकामा डबा घेऊन, शेवटच्याकडे काहीच उरलेलं नाही म्हणून तो स्वतःची चप्पल हातात घेऊन उभा. वॉचमन काकांना सगळं दिसतंय. ते चपलेकडे बघतात, पोराकडे बघतात, आणि अत्यंत गंभीरपणे विचारतात, 'फ्लॅट नंबर?' काकांचं काम करणाऱ्या माणसाला एकच सूचना द्या: हसायचं नाही. त्यांनी ओठ जरी हलवला तरी प्रसंग गेला.

आई-बाबांना खलनायक करू नका. स्वयंपाकघराच्या फ्रीजवर वेळापत्रक लावलेलं दाखवा: 4 ते 5 पोहणं, 5 ते 6 रोबोटिक्स, 6 ते 7 पियानो. खाली गँगचा खेळ 5 ते 7. याहून जास्त कारण लागत नाही.

शेवट. तुमच्या संहितेत शेवटी सगळे मिठी मारतात. दहा वर्षांची पोरं मिठ्या मारत नाहीत. त्याऐवजी: विवान बॅटिंग करतोय, गँगमधली पिंकी एका हाताने कॅच घेते आणि ओरडते, 'आऊट!' कच्चा लिंबू झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला कोणी मोजलंय. आणि तो खूश होण्याऐवजी भांडायला लागतो, 'दोन टप्पे होते!' 'एकच होता!' 'दोन!' सगळी गँग मध्ये पडते, कोणीतरी आईची शपथ घालतं, वरून चव्हाणकाकू ओरडतात, आणि भांडण चालू असतानाच पडदा काळा. आवाज आणखी पाच-सहा सेकंद चालू द्या.

आता शूटिंग. जुन्या चाळीतली खोली दाखवायची असेल तर लक्षात ठेवा, बीडीडीसारख्या चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात कॅमेरा, लाइट आणि चार माणसं मावत नाहीत. कॅमेरा बाहेर कॉमन गॅलरीत ठेवून दारातून आत बघा. दाराची चौकट आपोआप फ्रेम देते. टॉवरमधल्या घरात उलटं: कॅमेरा दूर, पोरगं फ्रेमच्या कोपऱ्यात लहानसं. मुलांच्या प्रसंगात कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून चारेक फुटांवर. मोठ्यांच्या उंचीवरून घेतलेत तर पोरं बिचारी दिसतात आणि फिल्म पुन्हा रडकी.

फोनवर शूट करत असाल तर प्रो मोडमध्ये सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. 30 फ्रेम आणि 1/60 वर ठेवलंत की जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरतात आणि ते एडिटमध्ये नीट जात नाहीत. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर पांढरा शर्टवाला पोरगा फ्रेममध्ये आला की सगळी गल्ली काळी पडते.

मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात आणि पोरं डोळे मिचकावतात. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, एवढंच बाहेरचं काम. मधल्या वेळात घरातले प्रसंग. एका प्रसंगाचे सकाळचे आणि संध्याकाळचे शॉट मिसळू नका, सावल्या उलट्या पडतात. आणि जूनवर काही ढकलू नका. पाऊस साधारण 11 जूनच्या आसपास येतो, पण त्याआधीच्या वळवाच्या सरी कोणाला विचारून येत नाहीत.

ड्रोनचा विचार दिसतोय. विमानतळाजवळच्या हद्दींमुळे मुंबईत बऱ्याच ठिकाणी उडवताच येत नाही, परवानगीशिवाय तर नाहीच. गरजही नाही. वरून दिसणारी गल्ली विवानच्या खिडकीतूनच घ्या, ती त्याचीच नजर आहे.

आवाजावर सगळ्यात जास्त फिल्म पडतात. मे म्हणजे कोकिळा, लग्नाचे बँड आणि शेजारचं बांधकाम. प्रत्येक जागेचा 30 सेकंदांचा नुसता आवाज, कोणी न बोलता, वेगळा घ्या. भांडणाच्या प्रसंगात सगळे एकदम बोलणार, तिथे एकाच्या कॉलरला माइक लावून उपयोग नाही. फ्रेमच्या अगदी वर बूम (काठीला लावलेला माइक) धरा आणि नंतर त्याच जागी मुलांना उभं करून तेच भांडण कॅमेऱ्याशिवाय दोनदा करून घ्या. कुठे वाजणारं सिनेमाचं गाणं मागे येऊ देऊ नका. अपलोड केल्यावर हक्काचा दावा लागू शकतो आणि आवाज बंद होऊ शकतो.

मुलांना संहितेची पानं पाठ करायला देऊ नका. पाठ केलेला संवाद म्हणताना त्यांचे डोळे वर जातात. प्रसंग सांगा, काय मिळवायचं ते सांगा ('तुला बॅट हवीय, तो देत नाहीये'), शब्द त्यांचे. विनोदी ओळीच्या तालमी दोनपेक्षा जास्त नकोत. शूटिंगच्या पहिल्या दिवशी आधी अर्धा तास खरंखुरं क्रिकेट खेळू द्या आणि दोन फोनवर शूट करत राहा. खेळातले सगळे कामाचे तुकडे त्यातूनच निघतात. 'कट' म्हटल्यावर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा. विवानचं काम करणाऱ्या मुलाची गँगशी आधी ओळख करून देऊ नका. पहिल्या दिवशीचा त्याचा बुजरेपणा फुकट मिळतोय, आधी पहिल्या भेटीचे प्रसंग घ्या. बाकी क्रम कसाही चालेल.

कपडे: प्रत्येकाचे एकसारखे तीन टी-शर्ट, त्यातला एक आधीच मळवून ठेवलेला. या वयात दात पडतात आणि मे महिन्यात केस कापले जातात. शूटिंग संपेपर्यंत न्हाव्याकडे बंदी, आणि रोज सकाळी प्रत्येकाचा हसरा फोटो काढून ठेवा. साधे रबरी बॉल डझनभर घ्या आणि सगळे एकत्रच घासून जुने करा. कोरा लाल बॉल मधेच दिसला की लगेच कळतं.

कायद्याचं थोडं. 14 वर्षांखालच्या मुलांना चित्रीकरणात घेताना 2017 च्या सुधारित नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि मुलाला मानधन असेल तर किमान 20 टक्के त्याच्या नावावर मुदत ठेवीत. कोणी पैसे देऊन करून घेत असेल तर हे कागद आधी. हौशी असली तरी तासांचा नियम पाळाच. चौथ्या तासानंतर पोरं तसंही काही करत नाहीत, फक्त मोठी माणसं ओरडतात. पालकांची लेखी संमती, दोन्ही सोसायट्यांच्या कमिटीचं पत्र (दोन्ही म्हणजे दोन्ही, भिंत दोघांची आहे). रस्त्यावर किंवा महापालिकेच्या बागेत जायचं असेल तर परवानगी वेगळी. राज्याची एक खिडकी योजना गोरेगावच्या चित्रनगरीतून चालते, अर्ज ऑनलाइन होतो. रेल्वे स्टेशन संहितेतून काढा, तिथली परवानगी वेगळी आणि दीड मिनिटाच्या प्रसंगासाठी तो व्याप परवडत नाही.

नावाचं विचारलंत. 'कच्चा लिंबू' सुचणं साहजिक आहे, पण त्या नावाचा मराठी चित्रपट 2017 मध्ये येऊन गेलाय आणि त्याचा विषय अगदी वेगळा, लोक भलतंच समजून बसतील. 'एक टप्पा आऊट' नावाचा टीव्हीवरचा कार्यक्रम होऊन गेलाय. शेवटच्या भांडणातलंच घ्या: 'दोन टप्पे होते'.