पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या प्रशिक्षण छावण्यांमध्ये वायएमसीएचे लोक नेमकं काय करत? धर्मांतर हाच खरा हेतू होता ना?

वायएमसीए, म्हणजे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन ही तरुणांसाठीची ख्रिस्ती संस्था. धर्मप्रचार होता, आणि तो कुणी लपवूनही ठेवला नव्हता. पण आपल्याकडे 'धर्मांतर' म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं ते तिथे बसत नाही. भरती झालेली बहुसंख्य पोरं मुळातच ख्रिस्ती घरांतली होती. ताण होता तो प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात. वायएमसीए प्रोटेस्टंटांची, म्हणून कॅथलिकांच्या नाइट्स ऑफ कोलंबस या संघटनेने स्वतःच्या वेगळ्या इमारती उभारल्या, ज्यूंनी ज्युइश वेल्फेअर बोर्ड काढलं. असं असूनही रविवारी वायएमसीएच्याच हॉलमध्ये कॅथलिक पाद्री मिसा (त्यांची सामूहिक उपासना) करून जात, रब्बीही प्रार्थना घेत.

मला जुन्या टपालाचा नाद आहे, त्यामुळे या विषयाकडे मी पत्रांच्या वाटेने आलो. १९१७-१८ सालची अमेरिकी सैनिकांची पत्रं चाळायला घ्या, लाल त्रिकोणाचा, म्हणजे वायएमसीएचं चिन्ह छापलेला कागद हमखास हाती येतो. हा कागद छावणीतल्या वायएमसीएच्या इमारतीत फुकट मिळायचा. काहींवर तळाशी छापलेलं असे: कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहून बचत करा. आणि घरच्यांसाठी: अन्न वाचवा, लिबर्टी बाँड (सरकारचे युद्धकर्जाचे रोखे) घ्या. धर्म, सरकार आणि आईची ख्यालीखुशाली, सगळं एकाच पानावर.

पार्श्वभूमी थोडक्यात. अमेरिका ६ एप्रिल १९१७ला युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे मोठी फौज नव्हती. सक्तीच्या भरतीचा कायदा मे महिन्यात झाला आणि त्या उन्हाळ्यात लाकडी बराकींच्या १६ प्रचंड छावण्या उभ्या राहिल्या: मॅसॅच्युसेट्समध्ये डेव्हन्स, न्यूयॉर्कजवळ अप्टन, कॅन्ससमध्ये फन्स्टन वगैरे. एकेका छावणीत चाळीस हजारांच्या आसपास माणसं. आदल्याच वर्षी मेक्सिकोच्या सीमेवर फौज ठेवली होती, तेव्हा तिच्याभोवती दारूचे गुत्ते आणि वेश्यावस्ती कशी फोफावली हे रेमंड फॉस्डिक यांनी पाहिलं होतं. युद्धमंत्री न्यूटन बेकर यांनी त्यांनाच प्रशिक्षण छावण्यांच्या आयोगाचं अध्यक्ष केलं. गणवेशातल्या सैनिकाला दारू विकायला कायद्यानेच बंदी घातली होती. पण संध्याकाळी कवायत संपल्यावर रंगरुटाने करायचं काय? नुसत्या बंदीने माणूस बराकीत बसत नाही. ही पोकळी भरायला सरकारने वायएमसीएला आत घेतलं. म्हणजे गुप्तरोगांनी फौज निकामी होऊ नये ही सरकारची गरज आणि तरुणांचं चारित्र्य राखायचं ही ख्रिस्ती संस्थेची तळमळ, दोन्हींची गाठ पडली. माझ्या मते यात सरकारचा फायदा जास्त झाला.

इमारतीला 'हट' म्हणत. एका बाजूला मोठा हॉल आणि मंच, दुसरीकडे लिहायची टेबलं, पुस्तकं, ग्रामोफोन. साधारण पाच 'सेक्रेटरी' एक हट चालवत: एक मुख्य, बाकीच्यांकडे धर्म, शिक्षण, खेळ आणि करमणूक. यांतले बरेचजण पाद्री, प्राध्यापक किंवा भरतीचं वय उलटलेले गृहस्थ. सगळेच बिनपगारी नव्हते, हेही सांगायला हवं. रात्री फुकट सिनेमा, मुष्टियुद्धाचे सामने, समूहगान. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ वायएमसीएच्याच लोकांनी अनुक्रमे १८९१ आणि १८९५ साली काढलेले, तेव्हा ते असणारच.

शिक्षणाचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. लष्कराने घेतलेल्या चाचण्यांत सुमारे २५ टक्के रंगरुटांना वर्तमानपत्र वाचता येईना की घरी पत्र लिहिता येईना. शिवाय परदेशात जन्मलेले पुष्कळ; इटालियन, पोलिश पोरांना हुकूमच कळायचा नाही. त्यांना इंग्रजी शिकवणं, निरक्षराचं पत्र लिहून देणं, आलेलं वाचून दाखवणं हा सेक्रेटरींचा रोजचा उद्योग होता. रविवारची प्रवचनं, बायबलचे वर्ग आणि खिशात मावणारा नवा करार वाटणं हे त्याच्या जोडीला चालूच.

आता प्रवचन काढून टाकलं तर मागे काय उरतं? याची परीक्षा आपल्याच लोकांवर झाली. १९१४ साली हिंदी फौज फ्रान्सला गेली, तेव्हा तिच्यात काम करायची परवानगी वायएमसीएला मिळाली ती धर्मप्रचार करायचा नाही या अटीवर. हिंदू, मुसलमान, शीख सैनिकांत असंतोष पसरेल ही इंग्रजांची भीती. तरीही काम चाललं: पत्रं लिहून देणं, चहा, खेळ, ग्रामोफोन. पुढे मराठा पलटणी ज्या मेसोपोटेमियात लढल्या, तिथेही या संस्थेच्या हट होत्या. तिथला अनुभव असा की बायबल बाजूला ठेवूनही हट भरत होती. गंमत म्हणजे फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांत हे काम उभं करणारे एडवर्ड कार्टर हेच पुढे तिथल्या अमेरिकी वायएमसीएचे प्रमुख झाले.

म्हणून हेतूबद्दल तुम्हाला शंका आहे ती ठीक, पण माझी तक्रार वेगळी आहे. साडेतीन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय तरुण या भरतीत आले. त्यांच्यासाठी हट वेगळ्या, सेक्रेटरी वेगळे. जेसी मूरलँड यांच्यासारख्या कृष्णवर्णीय नेत्यांनी वायएमसीएतच राहून माणसं आणि पैसा मिळवला, म्हणून तेवढं तरी झालं. काही छावण्यांत गोऱ्यांच्या हटमध्ये त्यांना पाऊलही टाकता येत नसे. लष्करच विभागलेलं होतं, हे उत्तर तेव्हाही दिलं गेलं. पण लष्कराच्या अटी मोडायची हिंमत ज्या बाबतीत दाखवायला हवी होती, ती नेमकी हीच होती.