टेन्शन आल्याचं टेन्शन नको घेऊस

अगं, तुझा मेसेज वाचला. टेन्शन येतं, आणि मग त्या टेन्शनने पोटातल्या बाळाला काही झालं तर, ह्याचं अजून टेन्शन. हे दुसरं आधी डोक्यातून काढ.

ऑफिसात खटका उडाला, घरात वाजलं, सोनोग्राफीच्या आदल्या रात्री झोप लागली नाही, एवढ्याने बाळाला काही होत नाही. ताण आला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं हे खरंय, पण वारेत, म्हणजे प्लासेंटात, एक एन्झाइम असतं, ते त्यातलं बरंचसं बाळापर्यंत पोचायच्या आधीच निष्क्रिय करून टाकतं. येताजाता "आनंदी राहा गं, बाळावर परिणाम होतो" म्हणणाऱ्यांना तुझी काळजी असते, कबूल, पण म्हणून ओढूनताणून हसत बसायची गरज नाही. रडू आलं तर रड.

रात्री लघवीला जाग येणारच, घोळ होतो तो नंतर मोबाइल हातात घेतलास की, एक शोधायला जातेस आणि दहा भलत्याच गोष्टी वाचून बसतेस. मोबाइल लांब ठेव, उशाशी वही-पेन ठेव, जे डोक्यात फिरतंय ते एका ओळीत लिही, "पोट कडक होतंय, किती वेळा झालं तर फोन करायचा?" असं, आणि चेकअपला तीच वही डॉक्टरांसमोर उघड, लाजू नकोस. फक्त ब्लीडिंग, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं हे वहीत लिहून थांबायचं नाही, लगेच फोन. असं काही नसेल तर वहीत लिहून झाल्यावर कुशीवर पडून 4 आकडे मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर, रोखून धरायचा नाही.

चालणं चालू ठेव, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर.

आता जरा नीट ऐक. दोन आठवडे झाले तरी मन उदासच, कशातच रस नाही, धडधड थांबत नाही असं असेल तर ते नुसतं टेन्शन नाही, डॉक्टरांना स्पष्ट सांग. जगभरात साधारण 10 टक्के गरोदर बायकांना असा मानसिक त्रास होतो, मुख्यतः डिप्रेशनचा, आणि त्यावर उपचार आहेत. तपासायला 10 प्रश्नांची एडिनबर्ग स्केल आहे, 1987 मध्ये बाळंतिणींसाठी आली, आता गरोदरपणातही वापरतात, तू स्वतःहून विचार त्याबद्दल. आधीपासून गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नकोस. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, घरातल्या कुणालाही उठव आणि थेट हॉस्पिटल गाठ.

पुढचं चेकअप कधी आहे ते कळव, आणि ह्यावेळी एकटी जाऊ नकोस, कुणालातरी सोबत ने.